इमिग्रेशनचं गेट आपोआप उघडतं, तेव्हा ते नेमकं काय तपासतं?

पासपोर्ट ही गोष्ट आता आमच्या इकडे नवलाची राहिली नाही. वरुड-मोर्शीकडच्या संत्रावाल्या घरातली पोरं जर्मनीत शिकायला चालली, एसी-फ्रिजचं काम शिकलेले पोट्टे शारजा-दोह्याला जाऊन राहिले, उमऱ्याला जाणारी कुटुंबं आहेत, श्रीलंका-थायलंडची विहारं पाहून येणारी मंडळी आहेत, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत चाललेल्या आया तर गावोगाव. मी तालुक्याच्या ठिकाणी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो, त्यात पासपोर्टचेही असतात, म्हणून प्रवासाआधी काय काय होतं ते विचारायला लोक येऊन बसतात, आणि सध्या विमानतळावर देशात येता-जाता पासपोर्ट तपासतात, म्हणजे इमिग्रेशन, तिथल्या त्या आपोआप उघडणाऱ्या गेटबद्दल फार विचारतात.

एखादा जवान पोरगा विचारते, "भाऊ, तिथं म्हणे आता साहेबच नसते, दरवाजा आपोआप उघडते, मंग भामटे नाही का घुसत त्यातून?" आणि एखादी वयस्क बाई विचारते, "अन् माह्यासाठी उघडलाच नाही तं? मले पकडून ठेवतीन काय?"

हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटतात पण हा अख्खा विषय या दोन प्रश्नांतच आहे, पहिला सुरक्षेचा आणि दुसरा सोयीचा, सोयीचा म्हणण्यापेक्षा इज्जतीचा, कारण दोनशे माणसांसमोर लाल दिवा लागला की त्या बाईला काय वाटेल हा विचार गेट बनवणाऱ्यानं केलेला असतोच असं नाही. म्हणून नीट समजून घेऊ.

आधी काउंटरवरचा साहेब काय करत होता ते बघा. तो पासपोर्ट हातात घेतो, खरा का खोटा ते बघतो, फोटो आणि चेहरा ताडून बघतो, कॉम्प्युटरमध्ये नाव टाकून बघतो की या माणसाला कोर्टानं, पोलिसांनी थांबवायला सांगितलंय का, आणि मग दोन-चार प्रश्न विचारतो, कुठं चालला, काय कामाला, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. म्हणजे चार कामं झाली. गेट यातली पहिली तीन करतं आणि माणसापेक्षा बरीच वेगानं करतं, चौथं काम ते करत नाही. हे चौथं काम कुठं गेलं हा खरा प्रश्न आहे, त्याच्यावर येतोच.

पासपोर्ट खरा आहे हे मशीनला कसं कळतं? तुमच्या पासपोर्टच्या फोटोवाल्या पानाच्या खाली दोन ओळी असतात, बाणासारख्या खुणा असलेल्या, प्रत्येक ओळीत ४४ अक्षरं. लोकांना वाटतं ती डिझाइन आहे. ती मशीनसाठी आहे. त्यात नाव, नंबर, देश, जन्मतारीख, मुदत सगळं ठरलेल्या जागी लिहिलेलं असतं, आणि हे जगभर एकसारखं असतं कारण मॉन्ट्रियलला मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना म्हणजे आयकाओ, तिनं हा नमुना ठरवून दिलाय. हातानं लिहिलेले जुने पासपोर्ट २४ नोव्हेंबर २०१५ नंतर बाद झाले ते याच्याचमुळं. या ओळींत मध्ये मध्ये तपासणीचा एक आकडा असतो. समजा जन्मतारीख १५ ऑगस्ट १९८५ आहे, तर तिथं ८५०८१५ लिहिलेलं असेल. मशीन या आकड्यांना ओळीनं ७, ३, १, ७, ३, १ नं गुणतं, ५६, १५, ०, ५६, ३, ५, बेरीज १३५, आणि बेरजेतला शेवटचा आकडा ५, तोच तारखेच्या पुढं छापलेला असतो. मशीननं पहिला ८ चुकून ३ वाचला तर बेरीज १०० येईल, शेवटचा आकडा ०, मशीनला लगेच कळतं की आपण चूक वाचलं. यानं खोटा पासपोर्ट पकडला जात नाही हां, हे गणित भामट्यालाही येतं, हे फक्त वाचण्यातली चूक पकडायला आहे.

खोटेपणा पकडायला चिप आहे. मलेशियानं १९९८ मध्ये जगात पहिल्यांदा बायोमेट्रिक पासपोर्ट काढले. भारताचा पहिला ई-पासपोर्ट २००८ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना दिला गेला, ज्या आपल्या अमरावतीच्या खासदार होत्या, पण तो अधिकाऱ्यांपुरता प्रयोग होता आणि सामान्य माणसापर्यंत यायला बरीच वर्षं गेली. एप्रिल २०२४ पासून सामान्य लोकांसाठी सुरुवात झाली तेव्हा पहिल्या पासपोर्ट कार्यालयांत आपलं नागपूर होतं. छापतात नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. तुमचा पासपोर्ट ई-पासपोर्ट आहे का हे बघायचं असेल तर समोरच्या कव्हरवर खाली एक छोटं सोनेरी चिन्ह असतं, ते बघा. चिन्ह नसलं तरी घाबरू नका, साधा पासपोर्ट त्याची मुदत संपेपर्यंत चालतो, तो बदलायला कोणी सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

चिपमध्ये तीच माहिती आणि तुमचा फोटो असतो, पण खरी गोम म्हणजे त्याच्यावर सरकारची डिजिटल सही असते. ही सही आतल्या माहितीवरून गणितानं बनवलेली असते, म्हणजे फोटोतला एक ठिपका जरी कोणी बदलला तरी सही जुळत नाही, आणि तशी नवी सही करायला जी गुप्त किल्ली लागते ती फक्त सरकारकडं. दुसऱ्या देशाच्या गेटला ती किल्ली द्यावी लागत नाही, सही खरी आहे का हे तपासायची उघडी किल्ली असते ती पुरते, आणि अशा उघड्या किल्ल्या देशादेशांनी एकमेकांना देण्यासाठी आयकाओनं एक सामाईक साठा केलेला आहे. कागदावरचा फोटो खरडून दुसरा लावायचा, हा जो जुना धंदा होता तो चिपमुळं बसला.

लोक मला विचारतात की खिशातल्या खिशात कोणी चिप वाचून घेईल का. असं सहज होत नाही, कारण चिप उघडायला आधी त्या खालच्या दोन ओळीतला नंबर, जन्मतारीख आणि मुदत लागते, त्यावरून कुलूप उघडतं. म्हणूनच गेटवर आधी फोटोचं पान उघडून काचेवर दाबून ठेवावं लागतं. आणि म्हणूनच प्लास्टिकचं कव्हर काढायचं, पान दुमडलेलं, हळदीचे नाहीतर तेलाचे डाग पडलेलं नको. गेट न उघडायचं कारण कित्येकदा इतकं साधं असतं.

आता चेहरा. कॅमेरा तुमचा फोटो घेतो, चेहऱ्याच्या ठेवणीवरून आकड्यांची एक लांबलचक यादी बनवतो, चिपमधल्या फोटोचीही तशीच यादी बनवतो, आणि दोन्ही याद्या किती जवळ आहेत त्याचे मार्क देतो. मशीनला "हा तोच माणूस" असं कधीच कळत नसतं, मशीनकडं फक्त मार्क असतात. किती मार्कांवर दरवाजा उघडायचा हे माणसं ठरवतात. हे नीट लक्षात घ्या, कारण सुरक्षा आणि सोय यांचं सगळं भांडण या एका आकड्यावर येऊन थांबतं.

पासिंगचे मार्क जास्त ठेवले तर भामटा घुसायची शक्यता कमी होते पण खऱ्या माणसांनाही दरवाजा बंद मिळतो, दाढी वाढवलेली, वजन उतरलेलं, फोटो आठ वर्षं जुना, चष्मा. कमी ठेवले तर सगळे भराभर निघतात पण भावाच्या पासपोर्टवर भाऊ निघून जाऊ शकतो. एक चूक कमी केली की दुसरी वाढते, त्याच मशीनमध्ये दोन्ही एकाच वेळी शून्य करता येत नाहीत. आपल्याला हे नवीन नाही, रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लागत नाही म्हणून परत आलेली म्हातारी माणसं कोणत्या गावात नाहीत? कापूस वेचून, निंदण-खुरपण करून बोटाच्या रेषा झिजलेल्या असतात, माणूस तोच, गहू-तांदूळ त्याच्याच हक्काचा, आणि मशीन म्हणते तू तो नाही. विमानतळाच्या गेटवर होते ती चूक याच जातीची आहे.

युरोपच्या फ्रॉन्टेक्स या सीमासंस्थेनं अशा गेटांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात दुसऱ्याच माणसाला चुकून पास करायचं प्रमाण १००० ला १ ठेवा आणि ते ठेवून खऱ्या माणसाला चुकून अडवायचं प्रमाण शेकडा ५ च्या वर जाऊ देऊ नका असं आहे. आजची चांगली सॉफ्टवेअर याच्यापेक्षा बरी आहेत, पण हेच आकडे धरून हिशेब करून बघा. ३०० माणसांचं विमान उतरलं तर शेकडा ५ नं १५ माणसं अडकली. आणि मोठा हिशेब घ्या, समजा १ लाख माणसं गेटवर आली आणि त्यात दुसऱ्याचा पासपोर्ट घेऊन आलेले १० भामटे आहेत. ते दहाही अडकले असं धरू. पण त्याच वेळी खरी माणसं अडकली जवळपास ५०००. म्हणजे लाल दिवा लागलेल्या माणसांत पाचशे खऱ्यांमागं एक खोटा. त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर या गणितात आहे, गेट उघडलं नाही याचा अर्थ "हा संशयित" असा होतच नाही, त्याचा अर्थ "हिला साहेबानं एकदा बघावं" एवढाच. ज्या विमानतळावर तिथला कर्मचारी हे समजून वागतो तिथं काही त्रास नाही, जिथं लाल दिवा दिसला की आवाज चढवून बोलतात तिथं मशीनची चूक माणसाच्या माथी मारल्यासारखं होतं आणि मला ते फार लागतं.

यात अजून एक गोष्ट. ही चूक सगळ्यांसाठी सारखी नसते. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेनं २०१९ मध्ये भरपूर सॉफ्टवेअर तपासून अहवाल दिला, त्यात बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांची चुकीची जुळणी गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा १० ते १०० पट जास्त निघाली. पण आशियातच बनवलेल्या काही सॉफ्टवेअरमध्ये आशियाई आणि गोऱ्या चेहऱ्यांत असा फरक दिसला नाही. मशीन ज्या चेहऱ्यांवर शिकते ते चेहरे तिला चांगले ओळखू येतात, त्यामुळं गेट विकत घेताना सरकारनं आपल्या लोकांवर, उन्हात काम केलेल्या, सुरकुत्या पडलेल्या, डोक्यावर पदर-रुमाल घेणाऱ्या लोकांवर तपासून घेतलंय का हे विचारायचा आपला हक्क आहे.

आणि भामटे काय करून राहिले? चिप फोडता येत नाही म्हटल्यावर त्यांनी फोटोच गाठला. दोन माणसांचे चेहरे कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळून एक फोटो करायचा, तो देऊन खरा, सरकारी सहीचा पासपोर्ट काढायचा, मग दोघंही त्याच पासपोर्टवर गेटमधून जाऊ शकतात कारण मार्क दोघांनाही पडतात. २०१४ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या संशोधकांनी हे दाखवलं, २०१८ मध्ये जर्मनीतल्या कार्यकर्त्यांच्या एका गटानं आपल्या एकीच्या फोटोत युरोपीय संघाच्या तेव्हाच्या परराष्ट्र प्रमुख फेडेरिका मोगेरिनी यांचा चेहरा मिसळून चक्क पासपोर्ट काढून दाखवला. जर्मनीनं मे २०२५ पासून कागदी फोटो घेणं बंद केलं. आपल्याकडं मोठ्या माणसाचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रात, पोस्टातल्या केंद्रातसुद्धा, समोर बसवून काढतात, लोक कुरकुर करतात की घरून चांगला फोटो आणला होता तो काहून चालत नाही, तर समोर काढण्याचा फायदा हा आहे, आणि या एका बाबतीत आपली पद्धत आधीपासून बरोबर आहे.

बरं, मग गेटवर आठ-दहा सेकंदात एवढी तपासणी उरकते कशी? उरकते कारण बरीचशी आधीच झालेली असते. तुम्ही तिकीट काढलं, चेक-इन केलं, की एअरलाइन तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख त्या देशाच्या इमिग्रेशनला पाठवते, विमान जमिनीवर यायच्या आधी यादी तिथं पोचलेली असते. ती यादी लूकआउट सर्क्युलरच्या, म्हणजे विमानतळावर थांबवा म्हणून कळवलेल्या माणसांच्या नावांशी, हरवलेल्या-चोरलेल्या पासपोर्टच्या नोंदींशी ताडून बघता येते, इंटरपोलनं अशा नोंदींचा साठा २००२ मध्ये सुरू केला. म्हणून पासपोर्ट हरवला तर लाजेनं लपवू नका, लगेच पोलिसात आणि पासपोर्ट कार्यालयात कळवा, नाहीतर तुमच्या नावावर कोण कुठं फिरेल सांगता येत नाही. आणि हरवला म्हणून कळवलेला जुना पासपोर्ट नंतर दिवाणाखाली सापडला तर तो घेऊन निघू नका, त्याचा नंबर यादीत गेलेला असतो.

भारतातही आता हे गेट आहे. जून २०२४ मध्ये दिल्लीच्या टर्मिनल ३ वर सुरू झालं, फास्ट ट्रॅक इमिग्रेशन ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम असं लांबलचक नाव आहे, जानेवारी २०२५ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची, अहमदाबाद आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लखनौ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोझिकोड, अमृतसर जोडले गेले. पहिल्या तेरात नागपूर नाही. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डवाल्यांसाठी, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी आहे. हे ब्रिटनसारखं नाही की पासपोर्ट घेऊन थेट गेटवर गेलो, आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा, सरकार तुमची माहिती तपासतं, मग बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायचा, मंजूर झालं की पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर चालतं. गेटवर बोर्डिंग पास, मग पासपोर्ट, मग चेहरा. म्हणजे साहेबाचं चौथं काम इथं गेलं, आधीच्या तपासणीत. जो वेळ गेटवर वाचला तो तुम्ही आधी घरी बसून दिला, आणि सरकारनं तुमच्याबद्दल एकदा निर्णय घेऊन ठेवला. मला ही पद्धत सरसकट सगळ्यांना गेट उघडं करण्यापेक्षा बरी वाटते.

डिजी यात्रा वेगळं, यात घोळ करू नका. ते डिसेंबर २०२२ पासून देशातल्या देशात प्रवास करणाऱ्यांसाठी आहे, विमानतळात शिरायला आणि विमानापर्यंत जायला, त्याचा इमिग्रेशनशी संबंध नाही.

सोयीसाठी सुरक्षा किती सैल करायची यावर ब्रिटनमध्ये मोठं रामायण झालंय. २०११ मध्ये बाहेर आलं की रांगा वाढल्या की काही तपासण्या बाजूला ठेवल्या जात होत्या, सीमा दलाचे प्रमुख ब्रोडी क्लार्क यांना पद सोडावं लागलं, गृहमंत्री थेरेसा मे यांना संसदेत उत्तरं द्यावी लागली आणि मार्च २०१२ मध्ये सीमा दल वेगळं काढलं. रांगेत उभ्या माणसांचा दबाव दिसतो, ओरडा ऐकू येतो, पण सोडून दिलेली तपासणी कोणालाच दिसत नाही, म्हणून घाईत नेहमी तपासणीच कापली जाते. आणि उलटी बाजूही तिथंच दिसली, ७ मे २०२४ च्या रात्री नेटवर्कमध्ये बिघाड होऊन देशभरची ई-गेट एकदम बंद पडली, काही तास हजारो माणसं रांगेत, कारण गेट आल्यावर काउंटरवर बसायला तेवढी माणसं ठेवलेलीच नव्हती. मशीन बंद पडणार हे धरून माणसं ठेवावी लागतात, ती खर्चात दिसतात म्हणून कमी करतात. हे मला पटत नाही.

ही सोय सगळ्यांना सारखी मिळते असंही नाही. ब्रिटननं मे २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, न्यूझीलंड, सिंगापूर, दक्षिण कोरिया, अमेरिका या देशांच्या लोकांना आपली गेटं उघडली, आपला भारतीय पासपोर्ट त्यात नाही, आपण काउंटरवरच. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्के मारणं हळूहळू बंद करून थोड्या दिवसांसाठी आलेल्या बाहेरच्या देशांच्या नागरिकांची येण्या-जाण्याची नोंद कॉम्प्युटरमध्ये चेहऱ्यासकट करणं सुरू झालं, व्हिसा लागणाऱ्या आपल्यासारख्यांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात म्हणून तिथं चेहरा घेतात. यात १८० दिवसांत ९० दिवसांचा हिशेब मशीन स्वतः ठेवतं, एक दिवस जास्त राहिलात तरी दिसतं. जर्मनीत पोराकडं जाऊन राहणाऱ्या आईबापांनी हे दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवायचे, अंदाजानं चालायचं नाही.

आता ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं ते. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टला सहसा ईसीआर, म्हणजे कामासाठी परदेशी जाण्याआधी तपासणी लागते असा शेरा असतो, त्याला १८ देशांत, त्यात आखातातले देश आलेच, कामाला जायचं तर आधी सरकारची परवानगी लागते, १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार. हे त्याला अडवायला नाही, त्याला वाचवायला आहे, तिकडचा मालक खरा आहे का, पगार लिहिलेला आहे का हे बघायला. पण एजंट काय करतात, व्हिजिट व्हिसावर पोरगा पाठवतात, "साहेबानं विचारलं तं फिराले चाललो म्हणजो" असं पढवून. काउंटरवरचा अनुभवी माणूस त्या पोराचे हात बघतो, त्याची बॅग बघतो, विचारतो कुठं फिरणार, हॉटेल कोणतं, आणि पोरगा अडखळला की कळतं. घाबरलेली पोरगी आणि तिच्यासाठी सगळी उत्तरं देणारा "मामा" हेही माणसालाच दिसतं. गेटला यातलं काही दिसत नाही, पासपोर्ट खरा, चेहरा तोच, नाव यादीत नाही, दरवाजा उघडला. अशा फसवणुकीत पासपोर्ट खोटा नसतोच, माणूसही खोटा नसतो, खोटं असतं ते त्याला दिलेलं वचन. म्हणून गेटामुळं जे साहेब मोकळे झाले त्यांना घरी न पाठवता रांगेतल्या अशा लोकांकडं नीट बघायला, दोन प्रश्न शांतपणे विचारायला वापरलं तरच गेटाचा फायदा सुरक्षेला झाला, नाहीतर तो फायदा फक्त खर्चाला झाला.

डेटाचीही काळजी आहेच. बँकेचा पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा आणि ठसे बदलता येत नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सीमाखात्याच्या एका ठेकेदाराकडून प्रवाशांच्या चेहऱ्यांचे फोटो चोरीला गेले होते. यात एक फरक समजून घ्या. जिथं गेट फक्त तुमचा चेहरा तुमच्याच चिपमधल्या फोटोशी ताडतं, तिथं मोठा साठा लागतच नाही. जिथं पासपोर्ट न दाखवताच चेहऱ्यावर जाऊ देतात, तिथं सगळ्यांचे चेहरे एका ठिकाणी साठवावे लागतात, त्यातून शोधावं लागतं. सिंगापूरनं २०२४ मध्ये चांगी विमानतळावर असंच सुरू केलं आणि सोय नक्कीच मोठी आहे, पण साठा जेवढा मोठा तेवढी चोरीची ओढ मोठी. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण त्यात देशाच्या सुरक्षेसारख्या कारणांसाठी सरकारी यंत्रणांना सूट देता येते, त्यामुळं ठसे किती वर्षं ठेवणार, आणखी कोणाला देणार हे सरकारनं आपणहून साध्या मराठी-हिंदीत लिहून फॉर्मसोबत द्यावं असं मला वाटतं, आज फॉर्म भरताना लोक मला विचारतात आणि त्यांच्या हातात ठेवायला माझ्याकडं तसा एक कागदही नसतो.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी एवढं करा. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे अक्षर न् अक्षर तसंच घ्या, टीसीवर "राव" आहे, आधारवर नाही, असं आपल्याकडं फार असतं, तिकिटाला पासपोर्टच धरायचा. गेटवर टोपी, रुमाल, गॉगल काढायचा, पायाच्या खुणेवर उभं राहून कॅमेऱ्याकडं बघायचं, एका वेळी एकच माणूस आत जायचं, आजीला धरून दोघं शिरलात तर गेट अडणारच, आजीला हात लागत असेल तर सरळ काउंटरची रांग धरायची, गेट घ्यायची सक्ती नाही. युरोप-अमेरिकेत उतरणाऱ्या आईबापांजवळ पोराचा पत्ता, फोन आणि परतीचं तिकीट कागदावर छापून द्या, मोबाइल नेमका तिथं बंद असतो. आणि लाल दिवा लागला तर पासपोर्ट काचेवर पुन्हा पुन्हा आपटू नका, एक पाऊल मागं या, हात वर करून तिथल्या माणसाला बोलवा, तो काउंटरवर नेईल, तिथं बहुतेकदा नाव-गाव विचारून सोडतात.